कॅप्टन जेम्स फॉर्सिथ आणि बंदुकीच्या नळीचे माप

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत स्वज्ञातीय थोर पुरुषांची चरित्रे येतात, आणि ते सर्वथा योग्यच होय. तथापि भाता, ऐरण आणि घण यांवर ज्या ज्ञातीचे पिढ्यान्‌पिढ्या पोट चालले, तिने लोखंडाच्या एखाद्या प्रश्नाचा मुळापर्यंत विचार करणाऱ्या परकीय पुरुषाकडेही आदराने पाहावयास हरकत नसावी. आपल्यातील कित्येक घराण्यांत बंदूक-दुरुस्तीचा धंदा होता. झिजलेली नळी काढून नवी बसवावयाची, तर ती कोणत्या मापाची, हा प्रश्न त्या घराण्यांस नवा नाही. त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर ज्याने आपल्याच सातपुड्याच्या रानात शोधले, त्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे हे अल्पचरित्र आहे.

फॉर्सिथ यांचा जन्म 1838 सालचा. विद्यापीठाचे शिक्षण संपवून एम. ए. ची पदवी घेतल्यावर ते हिंदुस्थानात आले आणि बंगालच्या लष्करी सेवेत दाखल झाले. नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले होते. पुढे 1861 मध्ये नागपूर प्रांत व सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्यप्रांत निर्माण करण्यात आला व नागपूर ही त्याची राजधानी ठरली. पुढच्याच वर्षी सर रिचर्ड टेंपल यांच्या हाती या प्रांताचा कारभार आला. नव्या सरकारपुढे एक मोठे संकट उभे होते. सातपुड्यातील सागवान रेल्वेच्या कामासाठी बेसुमार तोडले जात होते, आणि रान किती आहे, कोठे आहे, त्यात कोण राहते, याची धड नोंद कोणाजवळ नव्हती. जंगलखाते मेजर पिअर्सन यांच्याकडे होते. त्यांच्या हाताखाली फॉर्सिथ यांची नेमणूक झाली आणि 1862 च्या जानेवारीत ते जबलपुराहून रानाच्या पाहणीस निघाले.

पचमढीच्या पठारावर त्यांनी एक बंगला बांधला. तेथील गव्यांवरून त्यास बायसन लॉज हे नाव पडले व तो अद्याप उभा आहे. पचमढी हे केंद्र धरून दोन-अडीच वर्षांत ते अमरकंटकापर्यंत व छत्तीसगडच्या सालवनापर्यंत हिंडले. गोंड व कोरकू लोकांच्या वाड्यांतून ते राहिले. बैतुलच्या रानात एका नरभक्षक वाघाने वाटा बंद पाडल्या होत्या, त्याचा पाठलाग त्यांनी हत्तीवरून केला. पुढे ते निमाडचे जमाबंदी अधिकारी व डेप्युटी कमिशनर झाले. जमाबंदीच्या कामात त्यांची कीर्ती चांगली होती, पण तो भाग येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा शिकारी रायफल व तिची गोळी या विषयावरील ग्रंथ. हा ग्रंथ 1862-63 च्या सुमारास, म्हणजे वयाच्या पंचविशीत त्यांनी लिहिला, आणि 1867 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्या काळी विलायतेत लांबट, टोकदार गोळीची मोठी चलती होती. व्हिटवर्थ नावाच्या प्रसिद्ध यंत्रकाराने जेमतेम 0.45 इंच व्यासाची षट्‌कोनी नळी काढली होती. तिचा पीळ इतका तीव्र की वीस इंचांत एक पूर्ण फेरा व्हावा. अशी रायफल हजार यार्डांवरील निशाण अचूक टिपी. तेव्हा लष्करास जे उत्तम ते शिकाऱ्यासही उत्तम, असा समज पसरला होता.

फॉर्सिथ यांनी या समजासच हात घातला. त्यांचा पहिला प्रश्न नळीविषयी नव्हता, रानाविषयी होता. आपल्याकडील झाडोऱ्यात वाघ, सांबर वा गवा किती अंतरावर दिसतो? बहुधा शंभर यार्डांच्या आत, क्वचित दीडशेवर. तो दिसतो क्षणभर, आणि अंतर मोजावयास सवड नसते. लांब गोळी जड असते, ती स्थिर राहावी म्हणून पीळ तीव्र ठेवावा लागतो. तीव्र पिळाच्या नळीत दारू अधिक घातली की शिशाची गोळी चरांत न फिरता चर ओरबाडून सरळ निघते. म्हणून दारू कमी घालावी लागते. दारू कमी म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे गोळीची वाट कमानीसारखी. दूरचा आंबा पाडावयाचा तर दगड उंच फेकावा लागतो, तसाच हा प्रकार. अंतराचा अंदाज वीस यार्डांनी चुकला की गोळी पाठीवरून जाते किंवा पायात बसते.

यावर त्यांनी सुचविलेला उपाय जुनाट वाटावा असा होता. गोल गोळी घ्यावी, नळीचे माप मोठे ठेवावे, चर उथळ ठेवावेत, दारू भरपूर घालावी आणि पीळ अगदी मंद ठेवावा. चौदा बोअरच्या नळीस त्यांनी 104 इंचांत, म्हणजे आठ फूट आठ इंचांत, एक फेरा सांगितला. नळी सव्वीस इंचांची धरली तर गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत जेमतेम पाव फेरा घेते! हे वाचून कोणाही कारागिरास हसू यावे. परंतु गोल गोळीस स्थिर ठेवण्यास एवढा पीळ पुरतो, आणि मंद पिळामुळेच मोठ्या बाराचा जोर ती सोसते. मग दीडशे यार्डांपर्यंत तिची वाट जवळजवळ सरळ राहते व अंतराची चूक नडत नाही.

बोअर या शब्दाचा अर्थ आपल्या तरुण मंडळींस पुष्कळदा ठाऊक नसतो. एक पौंड शिशाच्या जितक्या गोल गोळ्या होतील तितका त्या नळीचा बोअर. त्यामुळे आकडा लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरची गोळी सुमारे सव्वातीन तोळ्यांची, चौदाची पावणेतीन तोळ्यांची, सोळाची अडीच तोळ्यांस थोडी कमी. नळीचा व्यास चौदा बोअरमध्ये 0.69 इंच, सोळात 0.66. व्यासातील फरक नखाएवढाही नाही, पण गोळीचे वजन व्यासाच्या घनाने वाढते, हे नळी कातणाऱ्याने कधी विसरू नये.

या वादात केवळ साहेबांच्या हौसेचा प्रश्न होता असे मानणे चुकीचे ठरेल. मचाणावर वा हत्तीवर बसलेल्याची गोळी चुकली तरी त्याचा जीव सुरक्षित असे. अर्धवट जखमी वाघ उलटे तो पायी चालणाऱ्या हाकेवाल्यांवर, आणि हाकेवाले असत गोंड, कोरकू नि गावचे गरीब लोक. नळीच्या मापाचा हिशेब अखेर त्यांच्या अंगावर येऊन पडत असे.

झिजलेल्या वा गंजलेल्या नळीस त्या काळी दोन उपाय असत. तीच नळी आतून कातून मोठी करावयाची व नवे चर पाडावयाचे, किंवा जुन्या बुडावर नवी नळी चढवावयाची. पहिल्या उपायात भिंत पातळ होते, म्हणून बार वाढविता येत नाही. दुसऱ्यात निवडीस मोकळीक मिळते, पण वजन, तोल व नेमाची माशी यांचा पुन्हा मेळ घालावा लागतो. काडतुसाच्या रायफलीत तर आणखी एक बंधन आले. नव्या काडतुसाचे बूड जुन्याएवढे असेल तर नळी बदलून भागते. नसेल तर खिट्टीपासून सर्वच बदलावे लागते, आणि मग नवी रायफल घेतलेली बरी.

फॉर्सिथ यांच्याविषयी आपल्या ज्ञातीस एक गोष्ट खटकेल, तीही सांगितली पाहिजे. मंडला-बालाघाटकडील अगरिया लोक मातीच्या भट्टीत दगडापासून लोखंड गाळीत. त्यांस कोळसा लागे, आणि कोळशास रान. जंगलखात्याने पुढे जी बंधने घातली त्यांत कोळसा महाग झाला, भट्ट्यांवर कर बसला, विलायती लोखंड बाजारात आले, आणि तो प्राचीन धंदा खालावत गेला. व्हेरिअर एल्विन यांनी 1942 च्या ग्रंथात त्याची करुण हकिगत नोंदविली आहे. फॉर्सिथ हे त्या खात्याच्या आरंभीच्या अधिकाऱ्यांपैकी होते. रान वाचविणे अवश्य होते हे खरे. पण रेल्वेच्या लाकडासाठी झालेल्या नासाडीची भरपाई अगरियाच्या भट्टीने करावी, हा न्याय नव्हे.

फॉर्सिथ यांना आयुष्य फार थोडे लाभले. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील त्यांचा मोठा ग्रंथ छापखान्यात असतानाच 1871 मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची चौदा बोअरची रायफलही फार काळ टिकली नाही. ठासणीची बंदूक जाऊन काडतुसाची आली, आणि एक्सप्रेस रायफलींनी हलकी, पोकळ टोकाची लांबट गोळी भरपूर दारूने फेकून दाखविली. त्यांनी मागितलेली सरळ वाट लहान मापाच्या नळीतूनच मिळाली! पुढे बिनधुराच्या दारूने मोठ्या बोअरची गरजच संपविली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात 0.450 मापास बंदी केली, कारण ती काडतुसे बंडखोरांच्या लष्करी रायफलींस उपयोगी पडतील अशी भीती होती. तेव्हा विलायतेतील कारखान्यांनी 0.465, 0.470 अशी नवी मापे काढली. माप ठरविण्यात रानाच्या जोडीस कायदाही येऊन बसला, तो आजतागायत उठलेला नाही. आता परवान्यावर जे माप लिहिले असेल त्याखेरीज दुसऱ्या मापाची नळी कारागिराने परवानगीवाचून बसवू नये. आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर पचमढीच्या पठारावरील गव्यांवर कोणत्याही मापाची नळी रोखता येत नाही.