जेम्स वॅट : यंत्रचालकाला डोळे देणारा कारागीर

जुन्या कारखान्यातील नियंत्रण कक्षात पाऊल टाकले की भिंतभर पसरलेले पॅनेल नजरेत भरते. दाब दाखविणारी गोल तबकडी, विजेचा भार सांगणारा काटा, आकडे मोजणारी खिडकी आणि वेग सांभाळणारी कळ. संगणकाच्या पडद्याने यातील बरेच काही आपल्या पोटात घेतले असले, तरी ठिकठिकाणी अशी पॅनेल अजूनही जपून वापरली जातात. यंत्राने चालकाला आपली अवस्था सांगावी आणि चालकाने ती पाहून हात चालवावा, हा त्यामागील विचार संगणकाहून फार जुना आहे. तो रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या जेम्स वॅट यांचे नाव आज विजेच्या प्रत्येक दिव्यावर छापलेले असते. मात्र किटलीच्या झाकणाच्या गोष्टीपलीकडे त्यांची फारशी ओळख उरलेली नाही.

वॅट यांनी वाफेच्या इंजिनाचा शोध लावला, हा समज मुळात चुकीचा आहे. इंग्लंडमधील थॉमस न्यूकोमेन यांचे इंजिन १७१२ मध्येच खाणीतील पाणी उपसू लागले होते. वॅट यांचा जन्म त्यानंतर २४ वर्षांनी, जानेवारी १७३६ मध्ये स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजांचे बांधकाम व व्यापार करीत. प्रकृती नाजूक असल्याने मुलाचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. वडिलांच्या कार्यशाळेतील हत्यारे आणि नौकानयनाची उपकरणे हीच त्याची खेळणी होती.

मोजमापाची उपकरणे बनविण्याची विद्या शिकण्यासाठी वॅट १७५५ मध्ये लंडनला गेले. सात वर्षांची उमेदवारी करण्याइतका पैसा नव्हता आणि सवडही नव्हती. एका वर्षात जमेल तेवढे शिकून, खालावलेल्या प्रकृतीसह ते परतले. ग्लासगो शहरात दुकान थाटायचे, तर तेथील कारागीर संघाने आडकाठी घातली. अखेर विद्यापीठाने आपल्या आवारात त्यांना जागा दिली आणि १७५७ पासून ते विद्यापीठाचे उपकरणकार झाले.

याच जागेत १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनाचा एक छोटा नमुना त्यांच्याकडे दुरुस्तीसाठी आला. दुरुस्ती होऊनही तो काही ठोक्यांतच दम टाकी. प्रत्येक ठोक्याला सिलिंडर वाफेने तापवायचा आणि लगेच गार पाण्याने थंड करायचा, या खटाटोपात बहुतेक वाफ वाया जाते, हे वॅट यांनी मोजून सिद्ध केले. मे १७६५ मध्ये उत्तर सापडले. वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र ठेवायचे आणि सिलिंडर सतत गरम ठेवायचा. हाच तो स्वतंत्र कंडेन्सर.

कल्पना सुचणे आणि इंजिन उभे राहणे यांत मात्र ११ वर्षे गेली. १७६९ मध्ये पेटंट मिळाले. पण भागीदार जॉन रोबक यांचे दिवाळे निघाले. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करीत रानोमाळ फिरले. अशाच एका कामावर असताना १७७३ मध्ये पत्नी मार्गारेट बाळंतपणात दगावली. पुढल्याच वर्षी ते बर्मिंगहॅमला गेले आणि उद्योजक मॅथ्यू बोल्टन यांच्याशी त्यांची भागीदारी जुळली. जॉन विल्किन्सन यांच्या यंत्राने सिलिंडर अचूक कोरता येऊ लागला आणि १७७६ मध्ये वॅट यांची पहिली मोठी इंजिने सुरू झाली.

हे इंजिन चालविणे सोपे नव्हते. सुरू करताना वाफेच्या आणि गार पाण्याच्या झडपा चालकाला हाताने, ठरलेल्या क्रमाने उघडाव्या लागत. बॉयलरमधील पाण्याची पातळी पाहण्यासाठी कमी-अधिक उंचीवर दोन तोट्या असत. वरच्या तोटीतून वाफ आणि खालच्या तोटीतून पाणी आले, म्हणजे पातळी योग्य. पाऱ्याच्या नळ्यांवरून वाफेचा दाब आणि कंडेन्सरमधील निर्वात कळे. दट्ट्याभोवती तागाचे वेष्टण आणि चरबी यांचे बूच असे. ते झिजले की वाफ निसटे, कोळसा अधिक लागे आणि खाणीतले पाणी चढू लागे. देखभालीतील हयगय अशी थेट खाणमालकाच्या खिशाला आणि मजुराच्या जिवाला भिडत असे.

मोजमापातून संघर्षही उभा राहिला. कॉर्नवॉलच्या खाणमालकांकडून इंजिनाची सरसकट किंमत घेण्याऐवजी, जुन्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा घेण्याची पद्धत बोल्टन आणि वॅट यांनी आणली. ठोके मोजण्यासाठी इंजिनाच्या तुळईवर कुलूपबंद पेटीत गणकयंत्र बसविले गेले. त्या आकड्यांवर देयके ठरू लागताच खाणमालकांचा असंतोष वाढला. अनेकांनी पैसे थकविले आणि पेटंटलाच आव्हान दिले. वॅट खटला जिंकले, पण निकाल १७९९ मध्ये, पेटंट संपण्याच्या केवळ एक वर्ष आधी लागला. या प्रदीर्घ पेटंटमुळे इतरांच्या सुधारणा अडल्या, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. उच्च दाबाच्या वाफेला तर वॅट यांचा आयुष्यभर विरोध राहिला.

गिरण्यांना हवी होती ती एकसारख्या वेगाची फिरती गती. १७८८ मध्ये लंडनच्या आल्बियन पिठाच्या गिरणीत जात्यांसाठी वापरलेली फिरत्या गोळ्यांची रचना बोल्टन यांनी पाहिली आणि वॅट यांना कळविली. वॅट यांनी ती इंजिनाला जोडली. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, दांड्या सरकतात आणि वाफेची झडप किंचित मिटते. वेग घटला की उलटे घडते. हाच गव्हर्नर. मूळ रचना आधीच वापरात असल्याने वॅट यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. मात्र हा पहारेकरी परिपूर्ण नव्हता. भार बदलला की वेगात थोडा फरक उरतच असे आणि सांधे झिजले किंवा वंगण सुकले की इंजिन हेलकावे खाऊ लागे. त्यामुळे चालकाची नजर हटून चालत नसे. या हेलकाव्यांचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले आणि त्यातून नियंत्रणशास्त्राचा पाया घातला गेला.

सिलिंडरच्या आतील दाब दाखविणारा 'इंडिकेटर' हे वॅट यांच्या कारखान्याचे आणखी एक साधन. त्यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी १७९६ मध्ये त्याला सरकता कागद जोडला आणि प्रत्येक ठोक्याचा आलेख आपोआप उमटू लागला. हे साधन अनेक वर्षे गुपित ठेवण्यात आले. यंत्राचे अंतरंग ज्याला दिसते, त्याच्या हाती व्यापाराची किल्ली असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१८०० मध्ये वॅट निवृत्त झाले. दुसऱ्या पत्नीपासून झालेली जेसी आणि ग्रेगरी ही दोन्ही मुले अनुक्रमे १७९४ आणि १८०४ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. हँड्सवर्थ येथील घराच्या माळ्यावर, मूर्तींच्या प्रतिकृती कोरणारी यंत्रे घडवीत त्यांनी उत्तरायुष्य घालविले. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ती माळ्यावरची कार्यशाळा १९२४ मध्ये जशीच्या तशी लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलविण्यात आली. १८८९ मध्ये शक्तीच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.

त्यांच्या निधनानंतर साडेतीन दशकांनी मुंबईत वाफेवर चालणाऱ्या कापड गिरण्यांचे युग सुरू झाले, तेव्हा गव्हर्नर हा इंजिनाचा नेहमीचा भाग झाला होता. वॅट यांच्या कारखान्याची भक्कम बांधणी आणि चालकांची निगा यांची साक्ष मात्र बर्मिंगहॅममध्ये जपलेले स्मेथविक इंजिन देते. १७७९ मध्ये सुरू झालेले हे इंजिन १८९१ पर्यंत, म्हणजे ११२ वर्षे कालव्यासाठी पाणी उपसत राहिले. वेष्टण वेळेवर बदलणारे, सांध्यांना तेल देणारे आणि नळीतील पारा रोज पाहणारे त्याचे चालक इतिहासात निनावी राहिले. जुन्या पॅनेलसमोर आज उभा असलेला तंत्रज्ञ त्यांचाच वारसदार आहे.