केळूसचा मास्तर आणि वाचनालयांचे पैसे

बाबासाहेबांच्या हाती बुद्धचरित्र ठेवणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर आमच्याच किनाऱ्यावरचे. आचऱ्याहून दक्षिणेला निघाले, मालवण मागे टाकले आणि कर्लीची खाडी ओलांडली की वेंगुर्ले तालुका लागतो. त्या तालुक्यातल्या केळूस गावी २० ऑगस्ट १८६० रोजी त्यांचा जन्म झाला. आमच्या वाड्यावाड्यांतल्या जयंतीच्या भाषणांत त्यांचे नाव येते, पण एका वाक्यापुरते. केळुसकर गुरुजींनी पुस्तक दिले, एवढे सांगून वक्ता पुढे जातो. ते पुस्तक लिहिले कुणी, छापायला पैसे कुणी दिले आणि आज तसे पुस्तक आचऱ्याच्या किंवा केळूसच्या पोराच्या हाती पडायचे तर काय लागेल, हे कुणी विचारत नाही. ग्रंथालयांचे अनुदान, सरकारी ग्रंथप्रकाशन आणि मुलांच्या हातातला मोबाइल यांवर सध्या बोलले जाते, म्हणून हे चरित्र सविस्तर सांगावेसे आम्हाला वाटते.

कोकणातल्या बहुतेकांप्रमाणे केळुसकरांनीही मुंबई गाठली. तिथे ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि मास्तरकी सांभाळून लिहू लागले. १८९६ साली त्यांचे तुकारामांचे चरित्र आले आणि १८९८ साली गौतम बुद्धाचे. पुढच्या दशकात त्यांनी शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिले. भगवद्गीतेवरही त्यांचा सटीप ग्रंथ आहे. आपल्यातल्या काहींना गीतेचा उल्लेख खटकतो, तो टाळून त्यांची ओळख करून दिली जाते. आम्हाला तसे करणे बरोबर वाटत नाही. माणूस होता तसा सांगावा. केळुसकर बौद्ध झाले नव्हते. बुद्ध, तुकाराम आणि शिवाजी महाराज साध्या मराठी वाचकाला कळावेत अशी त्यांची धडपड होती, आणि ती पुरेशी मोठी आहे.

१८९८ हे साल लक्षात घेण्यासारखे आहे. आदल्या वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला होता. १८९८ मध्ये इंग्रज सरकारने दंडसंहितेतले राजद्रोहाचे १२४ अ हे कलम आणखी रुंद केले आणि १५३ अ हे नवे कलम घातले. १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे जमा कराव्या लागत आणि त्यांच्या याद्या होत. काय छापले जाते यावर सरकारचे लक्ष होते. काय छापले जावे यासाठी खिशात हात घालणारे मात्र थोडे होते.

बुद्धाविषयी वाचायचे तर साहित्य इंग्रजीत होते. लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ पासून पाली ग्रंथ रोमन लिपीत छापत होती. ज्याला इंग्रजी येत नाही, महागडी पुस्तके परवडत नाहीत आणि मोठ्या ग्रंथालयाच्या दारात ज्याला कुणी उभे करत नाही, त्याला त्याचा काय उपयोग? गोव्याच्या साखवाळ गावातले धर्मानंद कोसंबी १८९७ च्या सुमारास बुद्धाकडे वळले, तेही ‘बालबोध’ या मराठी मासिकातला लेख वाचून. मराठीत चार पाने असली तर एवढे घडते.

केळुसकरांचे बुद्धचरित्र बडोद्याच्या आश्रयाने निघाले. सयाजीराव गायकवाडांच्या नावाने चाललेल्या ग्रंथमालेसाठी त्यांनी ते लिहिले. हेच सयाजीराव पुढे कोसंबींना दरमहा ५० रुपये देऊ लागले. अट एवढीच होती की कोसंबींनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक बडोद्यासाठी लिहावे. कोसंबींनी त्यासाठी कलकत्ता विद्यापीठातली नोकरी सोडली.

बडोद्याचे ग्रंथालयाचे काम इथे थोडे लांबवून सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग प्रश्न आला की शाळा सोडलेल्या मुलाने वाचायचे काय? १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, खेड्यांत वाचनालये निघाली आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. गावाने जेवढी रक्कम जमवावी तेवढीच पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, अशी रीत होती. गाव हात आखडता घेई तिथे काम अडे, हे खरे. पण हिशेब सगळ्यांना समजणारा होता.

आता चर्नी रोडच्या बागेकडे येऊ. केळुसकर शाळा सुटल्यावर तिथे वाचत बसत. एल्फिन्स्टन हायस्कूलचा एक मुलगाही तिथे पुस्तक घेऊन बसलेला दिसे. मास्तरांनी त्याची चौकशी केली. मुलाने नाव आणि जात सांगितली. त्यानंतर मास्तर त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले आणि काय वाचावे हे सांगू लागले. सवर्ण शिक्षक अस्पृश्य मुलाच्या वहीला हात लावत नसत, त्या काळातली ही गोष्ट. परळच्या चाळीत राहणाऱ्या सुभेदार रामजींच्या भिवाला बागेतल्या बाकावर गुरू भेटला.

पुस्तक भेट देण्याचा प्रसंग दोन तऱ्हेने सांगितला जातो. चरित्रकार तो १९०७ च्या मॅट्रिकनंतरच्या सत्काराचा सांगतात. त्या सभेला सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यानंतरचा सांगितला आहे, आणि अध्यक्ष म्हणून वडिलांचे मित्र दादा केळुसकर यांचे नाव दिले आहे. दोन्ही हकीकतींत पुस्तक तेच आणि देणारा तोच. बाबासाहेबांनी पुढे असेही लिहिले आहे की ते पुस्तक वाचून त्यांचे मन हलले. मग त्यांनी वडिलांना विचारले की रामायण-महाभारत आमच्याकडून वाचून घेता, तसे बौद्ध साहित्य का दिले नाही? आमच्या मते त्या भेटीचे खरे वजन या प्रश्नात आहे. एका मराठी पुस्तकाने मुलाला घरात प्रश्न विचारायचे बळ दिले.

केळुसकर पुस्तक देऊन थांबले नाहीत. इंटर झाल्यावर रामजींचे पैसे संपले, तेव्हा ते भीमरावांना घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी तरुणाला काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्यावर भीमराव बी. ए. झाले. १९१३ मध्ये त्याच संस्थानाच्या पैशावर ते कोलंबियाला गेले.

१९१७ मध्ये मात्र बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या विद्वानाला राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढले गेले. केळुसकरांनी पुन्हा खटपट केली, बडोद्यातल्या एका प्राध्यापकाकडे पैसे देऊन राहण्याची सोय ठरवली. बाबासाहेब बडोद्याच्या स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांच्या हाती चिठ्ठी पडली की घरातून नकार आहे. ग्रंथालये काढणाऱ्या राजाच्या राजधानीत हे घडले. पुस्तके आणि पैसा जातीला हरवायला पुरत नाहीत, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण पुस्तके आणि पैसा नसता तर हा माणूस बडोद्याच्या स्टेशनापर्यंतही पोचला नसता.

केळुसकरांच्या शिवचरित्रावरून न. स. टाकाखाव यांनी इंग्रजी ग्रंथ तयार केला, तो १९२१ मध्ये आला. इंदूरच्या होळकर महाराजांनी मोठी रक्कम देऊन त्याच्या प्रती जगभरच्या ग्रंथालयांत पाठवल्या. इथेही लेखक कोकणातला, पैसा संस्थानिकाचा आणि पुस्तक शेवटी गेले ते ग्रंथालयात.

संस्थाने गेली. राजाच्या मर्जीवर पुस्तके अवलंबून राहू नयेत हे चांगलेच झाले. त्यांची जागा सरकारने घेतली आणि १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम झाला. अ, ब, क, ड असे वर्ग पडले आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरले. दक्षिणेतल्या काही राज्यांत घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतात, आपल्या राज्यात तसा कर नाही. त्यामुळे दरवर्षी मंत्रालयाकडे बघत बसायचे. खेड्यातल्या ड वर्गाच्या वाचनालयाला २०१२ पासून दहा वर्षे वर्षाला ३० हजार रुपये मिळत. यात ग्रंथपालाचा पगार, वीज, वृत्तपत्रे आणि नवी पुस्तके. २०१२ च्या पडताळणीनंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणे आणि दर्जा वाढवून देणे बरीच वर्षे थांबले. २०२२ मध्ये साठ टक्के वाढ जाहीर झाली. वाढीव रकमेतही पूर्ण वेळ ग्रंथपालाचे घर चालत नाही.

आचऱ्यात रामेश्वर वाचन मंदिर आहे. गावाने वाचनालय सांभाळले तर ते टिकते, याचा तो दाखला. पण आमच्या बौद्धवाड्यांत ते बळ कुठून आणायचे? तिथे बहुधा समाजमंदिरातले एखादे कपाट असते. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी दिलेली पुस्तके त्यात असतात. चावी ज्याच्याकडे, तो कामाला गेलेला असतो. अशा कपाटाला कुठलाच वर्ग मिळत नाही.

आणि खुद्द बाबासाहेबांची पुस्तके? त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड राज्य सरकार १९७९ पासून छापते. स्वस्त किमतीमुळे ते आमच्या घराघरांत पोचले, हे सरकारचे मोठे काम मान्य करायलाच हवे. पुढे मात्र खंड मिळेनासे झाले. नऊ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला आणि छापून झाल्या ३३ हजारांच्या आसपास, अशी बातमी आली. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली. मागणी होती, कागद होता, वाचक थांबलेले होते. ही उदासीनता आम्ही तरी विसरणार नाही.

या रिकाम्या जागेत मोबाइल आला. आमची मुले आता बुद्धाविषयी पहिल्यांदा ऐकतात ते बहुतेकदा पडद्यावर. तिथे सुत्तांची चांगली मराठी भाषांतरे आहेत, तसेच बाबासाहेबांच्या नावाने फिरणारी बनावट वाक्ये आणि आपल्या महापुरुषांवरची घाण विटंबनाही आहे. अशी एक पोस्ट आली की गावात तणाव होतो आणि आपलीच तरुण पोरे पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक केली. हेतू योग्य आहे. पण आई काजूच्या कारखान्यात, बाप मुंबईत आणि घरातला फोन चालवायला येतो तो पोरालाच, तिथे संमतीचे बटण दाबणार कोण? बंदी आणि संमती यांवर सरकार जेवढा विचार करते, त्याच्या चौथा हिस्सा तरी वाडीतल्या ग्रंथपालावर खर्च व्हावा. मुलाशेजारी बसून काय वाचतोस असे विचारणारे माणूस पगारावर ठेवता येते. बडोद्याने ते शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले होते.

आमची मागणी अवघड नाही. समाजमंदिरांतल्या कपाटांना वाचनालय म्हणून मान्यतेची सोपी वाट द्यावी. गाव, ग्रामपंचायत आणि सरकार यांनी सारखा वाटा घालण्याची बडोद्याची रीत सिंधुदुर्गात करून पाहावी. गरीब वाडीचा वाटा श्रमाचा धरावा. बाबासाहेबांच्या खंडांचा संच अशा प्रत्येक कपाटात असावा. आणि केळुसकरांचे बुद्धचरित्र निदान त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या वाचनालयांत तरी मागितल्यावर मिळावे.

केळुसकर १४ ऑक्टोबर १९३४ रोजी वारले. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. योगायोगांना आम्ही फार अर्थ लावत नाही, पण दोन्ही घटना त्यांना पाहायला मिळाल्या नाहीत एवढे खरे. त्यांचे आत्मचरित्रही ते गेल्यानंतर, १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये इंग्रजीत छापला गेला तेव्हा दादा केळुसकरांचा उल्लेख असलेली ती प्रस्तावना त्यात नव्हती. ती नंतर वेगळी प्रसिद्ध झाली, म्हणून आज आपण ती वाचू शकतो.