डॉ. आंबेडकर आणि पालकांची संमती

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे चरित्र ज्ञातिबांधवांस परिचित आहे. त्यातील एकच अंग, शाळेतील धर्मस्वातंत्र्याचे, आम्ही येथे सादर करीत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी व धर्मनिष्ठ होते. मात्र सातारच्या शाळेत ह्या बालकास घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. ती अस्पृश्यतेपायी नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. मुलाच्या व पित्याच्या इच्छेस शाळेच्या दारी मोल नव्हते.

तेच बाबासाहेब १९४७ साली घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ७ डिसेंबर १९४८ रोजी घटनासमितीत शाळांतील धर्मशिक्षणाचा विषय निघाला. देशात धर्म अनेक, कराचा पैसा मात्र सर्वांचा. तेव्हा त्या पैशातून एका धर्माची शिकवण देणे उचित नव्हे, ही त्यांची भूमिका होती. आज घटनेचे २८वे कलम असे आहे : संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही, मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत ते असल्यास विद्यार्थ्यावर सक्ती नाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची संमती हवी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि १६ ऑक्टोबरला चांद्यास येऊन लोकांस दीक्षा दिली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महानिर्वाण झाले. धर्म विचारपूर्वक निवडावा, हा धडा आपल्याच भूमीवर दिला गेला.

आमची हयात अध्यापनात गेली, म्हणून दोन शब्द. भामरागड-एटापल्लीकडील माडिया बाप मुलास आश्रमशाळेत सोडतो व कागदावर अंगठा उठवितो. तेवढ्याने संमती होत नाही. कोणती प्रार्थना, कोणती पूजा, हे त्याच्या बोलीत समजावून सांगावे लागते. आपल्या ज्ञातीने उद्या अनुदानित शाळा काढली, तर परक्याच्या मुलाविषयी हाच विवेक आपण राखला पाहिजे. आपल्या लेकरासाठी जो हक्क आपण मागतो, तो दुसऱ्याच्या लेकरास देणे हेच बाबासाहेबांचे खरे स्मरण होय.