एन्झो फेरारी : वेगाचा आणि टायरचा हिशेब

लाल रंगाची बुटकी मोटार, तिच्यावर पिवळ्या पार्श्वभूमीवर पुढचे पाय उंचावलेला काळा घोडा आणि दुरूनही ओळखू यावा असा इंजिनाचा आवाज. फेरारी म्हटले की जगभर हेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. या मोटारींचे जनक एन्झो फेरारी आयुष्यभर इंजिनाचे भक्त म्हणून ओळखले गेले. इंजिन समर्थ असेल तर बाकीचे सारे जुळवून घेता येते, अशीच त्यांची धारणा होती. मात्र त्यांच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यातील सर्वांत खडतर चार वर्षे गेली ती इंजिनापायी नव्हे, तर टायरपायी. वेगवान मोटारीला कोणता टायर जोडावा, हा वरकरणी किरकोळ वाटणारा प्रश्न अकरा जणांच्या मृत्यूनंतर त्यांना आरोपी म्हणून न्यायालयापर्यंत घेऊन गेला.

एन्झो यांचा जन्म १८९८ च्या फेब्रुवारीत इटलीतील मोडेना येथे झाला. वडील आल्फ्रेडो यांचा धातुकामाचा छोटा कारखाना होता. १९०८ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, वडिलांबरोबर बोलोन्या येथे पाहिलेल्या मोटारशर्यतीने त्यांच्या मनावर कायमचा ठसा उमटविला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ मध्ये, वडील आणि थोरले बंधू दोघेही एकाच वर्षात गेले. एन्झो सैन्यात दाखल झाले. तेथे त्यांच्या वाट्याला खेचरांना नाल ठोकण्याचे काम आले. पुढे गंभीर आजारपणामुळे त्यांना सैन्यातून परतावे लागले. युद्ध संपल्यावर ते तुरीनला फियाट कंपनीत नोकरी मागण्यास गेले आणि तेथून नकार घेऊन परतले. हा अपमान ते कधीही विसरले नाहीत.

१९१९ मध्ये ते शर्यतीत उतरले आणि १९२० मध्ये अल्फा रोमिओच्या संघात सामील झाले. त्याच वर्षी सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ या खडतर शर्यतीत त्यांनी दुसरा क्रमांक मिळविला. १९२३ मध्ये राव्हेन्नाजवळची शर्यत जिंकल्यावर पहिल्या महायुद्धातील प्रख्यात इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बाराका यांच्या कुटुंबाशी त्यांचा परिचय झाला. बाराका यांच्या विमानावरील घोडा पुढे फेरारींचे चिन्ह बनला. एन्झो चांगले चालक होते, पण असामान्य नव्हते. त्यांची खरी प्रतिभा माणसे, पैसा आणि यंत्रे एकत्र आणण्यात होती. १९२९ मध्ये त्यांनी मोडेना येथे ‘स्कुदेरिया फेरारी’ हा शर्यतसंघ स्थापन केला. या संघाच्या भागधारकांत अल्फा रोमिओबरोबरच पिरेली ही टायर कंपनीही होती. म्हणजे फेरारी आणि टायर कंपनी यांचे नाते संघाच्या जन्मापासूनचे होते.

टायर शर्यतीचा निकाल कसा फिरवितो, याचा प्रत्यय या संघाला २८ जुलै १९३५ रोजी आला. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग हा सुमारे २२.८ किलोमीटरचा डोंगराळ वळणांचा मार्ग. मर्सिडीज आणि ऑटो युनियन यांच्या नव्या मोटारींपुढे फेरारी संघाची अल्फा रोमिओ जुनी आणि कमी ताकदीची होती. ती ताझिओ नुव्होलारी हे ४२ वर्षांचे चालक चालवीत होते. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा मर्सिडीजचे मानफ्रेड फोन ब्राउखिट्श अर्ध्या मिनिटाहून अधिक पुढे होते. पण त्यांनी आपले टायर निर्दयपणे झिजविले होते. ते बदलण्यासाठी थांबावे तर आघाडी जाणार, म्हणून ते थांबले नाहीत. शेवटच्या फेरीत मागचा टायर फुटला आणि नुव्होलारी पुढे निघून गेले. जर्मन प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत इटलीची मोटार जिंकली. हा विजय चालकाच्या कौशल्याचा होता, तसाच जपून वापरलेल्या टायरचाही होता.

अल्फा रोमिओशी मतभेद होऊन १९३९ मध्ये फेरारी बाहेर पडले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी कारखाना मोडेनाजवळच्या मारानेल्लो येथे हलविला. तेथेही बॉम्ब पडले. तरीही त्यांनी तो पुन्हा उभारला. १९४७ च्या मार्चमध्ये १२५ एस ही त्यांच्या नावाची पहिली मोटार रस्त्यावर आली. दीड लिटरच्या तिच्या इंजिनाला बारा सिलिंडर होते. दोनच वर्षांत फेरारीने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वनमधील पहिला विजय मिळाला आणि १९५२ व १९५३ अशी दोन वर्षे आल्बेर्तो आस्कारी फेरारीतून जगज्जेते झाले.

यश मोठे होते, तसे दुःखही. एन्झो यांचा मुलगा डिनो स्नायूंच्या असाध्य विकाराने ३० जून १९५६ रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी वारला. त्यानंतर एन्झो शर्यतींना जाईनासे झाले. काळा चष्मा लावून मारानेल्लोच्या कार्यालयात बसायचे आणि दूरध्वनीवरून सारे चालवायचे, हा त्यांचा परिपाठ झाला.

या सुमारास फेरारींच्या शर्यतीच्या मोटारींना बेल्जियममधील लिएझ येथील एंगलबेर कंपनीचे टायर लावले जात. १२ मे १९५७ रोजी मिले मिलिया शर्यत झाली. ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला येणारी ही सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून धावत असे आणि दुतर्फा हजारो लोक उभे असत. फेरारीच्या ३३५ एस या मोटारीत स्पेनचे सरदार आल्फोन्सो द पोर्तागो आणि त्यांचे सहकारी एडमंड नेल्सन होते. शर्यतीचा शेवट जवळ आला असताना ग्विदित्सोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर, ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने जाताना, मोटारीचा टायर फुटला. मोटार उडून प्रेक्षकांत कोसळली. पोर्तागो, नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. त्या नऊ जणांत पाच मुले होती. त्या दिवशीची शर्यत फेरारीच्याच दुसऱ्या मोटारीतून पिएरो तारुफी यांनी जिंकली, पण त्या विजयाचा आनंद कोणालाही झाला नाही. सार्वजनिक रस्त्यावरील वेगाची शर्यत म्हणून मिले मिलियाचा इतिहास तेथेच संपला.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा आरोप एन्झो फेरारींवर ठेवण्यात आला. आरोपाचा गाभा टायरची निवड हाच होता. मोटार ताशी २८० किलोमीटर वेग गाठू शकत होती, तर तिला लावलेले टायर २२० किलोमीटरच्या पुढे टिकण्यास योग्य नव्हते, असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते.

या आरोपाचे गांभीर्य समजण्यासाठी टायर वेगात कसा वागतो हे पाहावे लागते. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो क्षणभर चपटा होतो आणि लगेच पुन्हा गोल होतो. ताशी २५० किलोमीटर वेगाला मोटारीचे चाक एका सेकंदात तीसहून अधिक वेळा फिरते. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तितक्या वेळा वाकतो आणि सरळ होतो. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. रस्त्याला टेकणारा रबराचा थर जाड असेल तर टायर अधिक किलोमीटर टिकतो. पण ती उष्णता बाहेर पडत नाही आणि फिरण्याच्या जोरामुळे जड थर आतल्या धाग्यांपासून सुटू पाहतो. थर पातळ ठेवला तर टायर थंड राहतो, पण लवकर झिजतो. हवा कमी असेल तर टायर अधिक वाकतो आणि तापतो. प्रमाणाबाहेर भरली तर रस्त्यावरची पकड कमी होते आणि मधला भाग झिजतो. सोळाशे किलोमीटर टिकणारा आणि त्याच वेळी सर्वोच्च वेग सोसणारा टायर त्या काळात मिळविणे म्हणजे दोन परस्परविरोधी मागण्यांतून वाट काढणे होते.

खटला चार वर्षे रेंगाळला. या काळात फेरारींवरील टीका टोकाला पोहोचली. १९५८ मध्ये लुइजी मुस्सो आणि पीटर कॉलिन्स हे त्यांचे आणखी दोन चालक शर्यतीत दगावले, तेव्हा व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्यांची तुलना स्वतःची मुले गिळणाऱ्या पुराणातील सॅटर्नशी केली. शर्यती कायमच्या सोडण्याचे विचारही एन्झो यांनी या दिवसांत बोलून दाखविले. टायरला रस्त्याच्या मधोमध बसविलेल्या परावर्तकावरून जाताना इजा झाली असावी, असे स्पष्टीकरण तपासातून पुढे आले आणि १९६१ मध्ये फेरारी दोषमुक्त झाले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. पण मोटारीचा वेग आणि टायरची मर्यादा यांची सांगड घालण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, टायर बनविणाऱ्याची, मोटार बनविणाऱ्याची की चालविणाऱ्याची, हा प्रश्न त्या खटल्याने कायमचा पुढे आणला.

यानंतर फेरारींनी टायरच्या बाबतीत कोणत्याही एका कंपनीशी आयुष्यभराचे नाते जोडले नाही. फॉर्म्युला वनमध्ये एंगलबेरची जागा डनलॉपने घेतली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फायरस्टोन आले. सत्तरच्या दशकात गुडइयर. गुडइयरच्याच टायरवर निकी लाउडा १९७५ आणि १९७७ मध्ये जगज्जेते झाले. मधल्या १९७६ सालचे दुर्दैवही टायरच्या निवडीशी जोडले गेले. न्यूरबुर्गरिंगवर लाउडा यांनी पावसाळी टायरने सुरुवात केली, पहिल्याच फेरीनंतर कोरड्या रस्त्याचे गुळगुळीत टायर चढविले आणि दुसऱ्या फेरीत ते भीषण अपघातात भाजले. मोटारीचा एखादा भाग निकामी झाल्याचा संशयही व्यक्त झाला. ठाम कारण सिद्ध झाले नाही. सहा आठवड्यांत लाउडा पुन्हा शर्यतीत उतरले.

१९७८ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी एन्झो यांनी एक धाडसी निर्णय घेतला. रेडियल टायर मिशेलिनने १९४६ मध्येच शोधला होता आणि १९४९ पासून तो बाजारात होता. जुन्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदून जात आणि वाकताना एकमेकांवर घासून तापत. रेडियलमध्ये धागे टायरच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचीक राहते, टेकणारा भाग सपाट राहतो आणि उष्णता कमी निर्माण होते. फॉर्म्युला वनमध्ये मात्र हा टायर १९७७ मध्ये रेनोने प्रथमच आणला होता. त्यावर एकही शर्यत जिंकली गेली नसताना फेरारींनी तो पत्करला. गुडइयर अनेक संघांना टायर पुरवी. मिशेलिनकडे मात्र दोनच संघ असल्याने फेरारीच्या गरजांकडे पुरेसे लक्ष मिळणार होते. शिवाय १९७२ पासून फिओरानो येथे फेरारींची स्वतःची चाचणीची धावपट्टी होती.

निवड केवळ टायर बदलून पुरी झाली नाही. रेडियलची पकड वळणावर वेगळ्या रीतीने सुटते. म्हणून मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरी यांना मोटारीच्या चाकांची मांडणी आणि स्प्रिंगा यांचा नव्याने विचार करावा लागला. १९७८ च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये कार्लोस रॉइटेमान यांनी रेडियल टायरवरचा फॉर्म्युला वनमधील पहिला विजय मिळविला. त्या वर्षी टायर कधी उत्तम चालत, कधी अजिबात चालत नसत. पण १९७९ मध्ये जोडी शेक्टर जगज्जेते झाले आणि फेरारीच्याच जील व्हिलनव्ह यांनी दुसरा क्रमांक मिळविला. पुढच्याच वर्षी मोटार मागे पडली आणि १९८२ पासून फेरारी पुन्हा गुडइयरकडे वळले. निवडीत ममत्व नव्हते. निकाल हेच प्रमाण होते.

एन्झो यांच्या हयातीत सादर झालेली शेवटची रस्त्यावरची मोटार म्हणजे १९८७ ची एफ-४०. ताशी ३२४ किलोमीटर वेग सांगितलेल्या या मोटारीसाठी पिरेलीचे पी झीरो टायर योजले गेले. पुढे २४५/४० आणि मागे ३३५/३५, दोन्ही सतरा इंची रिमवर. यातील ३३५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी आणि ३५ म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के त्याची बाजू उंच आहे ते. ढकलण्याचे काम मागच्या चाकांचे असल्याने तेथे रुंद टायर, आणि वळणावर बाजू कमी वाकावी म्हणून ती बुटकी. तीस वर्षांपूर्वी खटल्यात ज्या प्रश्नावर वाद झाला होता, त्याचे उत्तर आता टायरच्या अंगावरच छापलेले असे. एस अक्षर असेल तर ताशी १८० किलोमीटर, एच असेल तर २१०, व्ही असेल तर २४०. अतिवेगवान मोटारींसाठी त्यापुढची अक्षरे. मोटारीच्या वेगाहून टायरची मर्यादा कमी असू नये, हा नियम आज साध्या मोटारीचा टायर बदलतानाही पाळावा लागतो.

१४ ऑगस्ट १९८८ रोजी मोडेना येथे एन्झो फेरारी यांचे निधन झाले. चारच आठवड्यांनी मोंझा येथील शर्यतीत गेरहार्ड बेर्गर आणि मिकेले आल्बोरेतो यांनी फेरारीला पहिले दोन क्रमांक मिळवून दिले. त्या वर्षी मॅक्लारेनने गमावलेली ती एकमेव शर्यत होती. एन्झो यांच्या नावे राहिलेल्या विजयांची यादी लांबलचक आहे. त्या यादीशेजारी ग्विदित्सोलोच्या रस्त्यावर मरण पावलेल्या पाच मुलांची आठवणही ठेवावी लागते. इंजिन कितीही बलवान असले तरी मोटार रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर, आणि तिथला हिशेब चुकला तर त्याची किंमत केवळ चालकालाच मोजावी लागते असे नाही.