देवरुखच्या गोदूबाई : बाया कर्वे

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला लोकमान्य टिळक दिले, महर्षी धोंडो केशव कर्वे दिले. ही नावे आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. पण कर्व्यांच्या सहधर्मचारिणी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे, याही याच मातीतल्या, देवरुखच्या, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? माझी त्यांच्याशी ओळख कात्री-कंगव्यामुळे झाली.

कॉलेज सांभाळून मी केशरचनेचे काम शिकते. सुरुवातीला हात बसवायचा तो डमीच्या डोक्यावर. डमी मान हलवत नाही आणि तक्रारही करत नाही. खरे गिऱ्हाईक खुर्चीत बसले की सगळेच बदलते. कानाजवळ कात्री गेली की मान आक्रसते, ओले असताना बरोबर वाटलेले केस वाळल्यावर आखूड होतात, आणि आरशातून दोन डोळे आपल्याकडे पाहत असतात. आधी तिला विचारायचे, मगच कात्री उचलायची, हा तिथला पहिला धडा. तो गिरवत असतानाच बायांचे चरित्र हाती आले आणि मी थबकले.

गोदूबाई जोशी हे त्यांचे माहेरचे नाव. आठव्या वर्षी लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आले. रूढीने त्यांचे केस गेले. त्या काळी वस्तऱ्याखाली बसवलेल्या मुलीला कोणी काही विचारत नसे. समाजाच्या लेखी ते डोके जणू डमीचेच होते! पुढे वस्तरा धरणाऱ्या हातांनाच हे खुपू लागले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार झाला. रोजच्या मिळकतीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

त्याच सुमारास गोदूबाईंचे आयुष्यही पालटत होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. बंधू नरहरपंतांनी बहिणीला तेथे घातले. विशी उलटल्यावर त्या विद्यार्थिनी झाल्या, आणि केसही पुन्हा वाढले. नरहरपंतांचे मित्र असलेले कर्वे विधुर झाले होते. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. कर्व्यांच्या मुरूड गावाने मात्र या जोडप्यावर बहिष्कार घातला.

बाया खचल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याच्या माळावर गेला. पती संस्थेत गुंतलेले असताना संसाराचा गाडा बायांनी ओढला आणि आश्रमासाठी पैसेही जमवले. १९५० साली त्या निवर्तल्या.

मैत्रिणींनो, त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र १९४४ साली प्रसिद्ध झाले. ते जरूर वाचा. आपले केस वाढवावेत की कापावेत, हे आज आपण सहज ठरवतो. देवरुखच्या एका मुलीला तेवढ्यासाठी घर, गाव आणि रूढी ओलांडावी लागली होती.