हर्बर्ट स्पेन्सर व सरकारची मर्यादा

व्यक्तिस्वातंत्र्याचा हर्बर्ट स्पेन्सरइतका कडवा कैवारी क्वचितच झाला असेल. १८२० सालीं इंग्लंडांतील डर्बी येथें तो जन्मला. बाप शिक्षक, चुलता धर्मोपदेशक. त्याचें शिक्षण बहुतेक या दोघांच्याच हातून झालें, विद्यापीठाची पायरी तो चढला नाहीं. कांहीं वर्षें रेल्वेच्या कामावर काढून पुढें तो इकॉनॉमिस्ट पत्राचा उपसंपादक झाला. १८५१ सालच्या आपल्या पहिल्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, इतरांच्या तितक्याच स्वातंत्र्यास बाध न आणतां वाटेल तें करण्यास मनुष्य मोकळा असावा, व तेवढ्याचें रक्षण हेंच सरकारचें काम. सरकारी शाळा, गरिबांसाठीं कर, आरोग्यखातें, सारेंच त्यानें त्याज्य ठरविलें. त्याच न्यायानें बोअर युद्धाचाही त्यानें निषेध केला. १९०३ सालीं तो निवर्तला.

या निष्ठेस आम्ही मान देतों. परंतु जॉन स्टुअर्ट मिलचा मध्यममार्ग आम्हांस अधिक ग्राह्य वाटतो. मिलही स्वातंत्र्यवादीच, स्पेन्सरच्या ग्रंथमालेचा तोटा सोसण्यास तो १८६६ सालीं पुढें आला होता. तथापि मुलांस शिकविण्याची सक्ती कायद्यानें करावी, गरिबांस फीची मदत द्यावी, मात्र सर्व शाळा सरकारच्या मुठींत नसाव्या, असें त्याचें मत.

स्पेन्सरला घरींच गुरु लाभले. मजुराच्या मुलास ते कोठून लाभावे? आमच्याकडे गोखल्यांनीं १९११ सालीं आणलेलें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल पुढल्या वर्षीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें, तेव्हां नुकसान कोणाचें झालें? सरकारवर पहारा कसा ठेवावा हें स्पेन्सरपासून अवश्य शिकावें; पण स्वातंत्र्य उपभोगण्याचें सामर्थ्य निरक्षरास यावें म्हणून शाळेचें दार कायद्यानेंच उघडलें पाहिजे.