महर्षि अण्णासाहेब कर्वे आणि त्यांचे सगेसोयरे

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र यावे, यात थोडी विसंगति आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. वयाची पंचाऐंशी वर्षे उलटल्यावर, १९४४ साली, ज्या पुरुषाने जातिभेद नाहीसा व्हावा म्हणून समता संघ स्थापन केला, त्याचे गुणगान ज्ञातिसंस्थेने करावे काय, असे कोणी विचारील. परंतु ज्ञातीचे बळ कशात असते, हे अण्णासाहेबांनी जितके ओळखले तितके फारच थोड्यांनी ओळखले असेल. ते बळ ग्रंथांत नसते. ते पंक्तीत, पाण्याच्या तांब्यात आणि लग्नाच्या अक्षतांत असते. या बळाने माणसे कशी तुटतात हे त्यांनी स्वतः भोगले आणि त्याच बळाने माणसे जोडताही येतात हे करून दाखविले. म्हणून आम्हांस हे चरित्र ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी वाचण्याजोगे वाटते.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात आजोळी शेरवली येथे झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरुड गावी, गरिबीत गेले. परीक्षेसाठी कोकणातून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठविले गेले, ही कथा आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. ती येथे पुन्हा सांगत नाही. पुढे १८८४ साली गणित विषय घेऊन ते मुंबईत बी. ए. झाले.

आमच्या मते त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते मुंबईच्या बिऱ्हाडात. देवरुखचे नरहरपंत जोशी हे त्यांचे स्नेही. दोघांची कुटुंबे एकत्र राहत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, अगदी लहानपणी, विधवा झालेली. तीही त्या बिऱ्हाडात येऊन राहिली. अण्णासाहेबांच्या प्रथम पत्नी राधाबाई आणि गोदूबाई एकाच चुलीपाशी वावरल्या. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा नरहरपंतांनी धैर्याने बहिणीला तेथे घातले. म्हणजे विधवेचा प्रश्न अण्णासाहेबांना व्याख्यानातून समजला नव्हता; तो त्यांच्या घरात, मित्राच्या बहिणीच्या रूपाने वावरत होता.

१८९१ साली राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास त्यांचा गोदूबाईंशी विवाह झाला व त्या आनंदीबाई झाल्या. पुढे सर्व त्यांस बाया म्हणत.

वास्तविक विधवाविवाहास कायद्याची संमति १८५६ सालीच मिळाली होती. सदतीस वर्षांनंतरही असे विवाह विरळाच होत. कारण उघड आहे. सरकार लग्न कायदेशीर ठरवू शकते, पण शेजारणीला हळदीकुंकवास बोलवा अशी आज्ञा देऊ शकत नाही. मुरुडकरांनी सभा भरवून कर्व्यांवर बहिष्कार घातला. त्यांना घरात घेणाऱ्यासही तोच दंड. वृद्ध आईला मुलाबरोबर जेवता येईना. अण्णासाहेबांनी या वेळी भांडण केले नाही. आपल्यापायी आईवर व भावावर बहिष्कार येऊ नये, म्हणून गावी गेले असता ते वेगळे राहिले. मात्र गाव त्यांनी सोडले नाही. गावच्या हितासाठी उभारलेल्या मुरुड फंडाशी त्यांचा जिव्हाळा कायम राहिला. ज्याने गावाचे पाणी तोडले त्याच्याच मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणे, हे आमच्यासारख्या सामान्य माणसास साधणारे नव्हे.

येथे एक घरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या आजोबांच्या एका चुलतबहिणीचा पुनर्विवाह झाला, तेव्हा आमच्या घरातून अक्षता टाकावयास कोणीही गेले नाही. आजोबा मनाने अनुकूल होते, असे आजी सांगत असे. पण पुढे मुलींची लग्ने व्हावयाची होती. ती आत्याबाई पुन्हा आमच्या उंबऱ्याशी आली नाही. तिच्या वंशातील मंडळी आज कोठे आहेत, हे आम्हांस ठाऊक नाही. आमच्या आजोबांसारख्या मनाने अनुकूल पण पायाने जागच्या जागी खिळलेल्या माणसांचाच विचार अण्णासाहेबांनी केला होता.

१८९३ साली त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. दोन वर्षांनी, १८९५ साली, तिचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे ठेवले. हा केवळ शब्दांचा पालट नव्हे. लोकांना लग्न करा म्हणून भरीस घालावयाचे नाही. जे करतील त्यांच्या वाटेतील अडथळा दूर करावयाचा आणि त्यांच्याशी व्यवहार ठेवणारी माणसे मिळवावयाची, असा तो विचार होता. पुनर्विवाहितांचा कुटुंबमेळाही त्यांनी भरविला. ज्यांना कोणी पंक्तीस घेत नाही, त्यांची आपसांत पंक्ति बसली! एकेकटे पडलेले जोडपे धीर सोडते; दहा कुटुंबे एकमेकांची पोरे खेळवू लागली की त्यांचे एक गणगोत होते.

१४ जून १८९६ रोजी पुण्यात अनाथबालिकाश्रम निघाला. या आश्रमात विवाहाची खटपट त्यांनी कटाक्षाने दूर ठेवली. जुन्या वळणाच्या बापाने आपली विधवा मुलगी विश्वासाने पाठवावी, तर तिचे परस्पर लग्न लावून देतील ही भीति त्यास वाटता कामा नये. सनातनी तर रुष्ट होतेच, सुधारकांनीही त्यांना भित्रे ठरविले. आमच्या मते अण्णासाहेबांचेच बरोबर होते. मुलगी शिकून माघारी गेली की तिचे घर, मामाचे घर, शेजार, सर्वत्र हळूहळू फरक पडतो.

याचे उत्तम उदाहरण त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले. केशवपन केलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या, बहिणीच्या पुनर्विवाहाने मनातून दुखावलेल्या. त्या आश्रमात आल्या, वाढत्या वयात शिकल्या, आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. निधीसाठी गावोगाव हिंडल्या आणि १९१८ साली अमेरिकेपर्यंत गेल्या. तेथे पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरची कामेही केली.

१९०० साली प्लेगमुळे आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास, रावबहादुर गोखले यांनी दिलेल्या जागेवर एका झोपडीत गेला. कॉलेज सुटल्यावर अण्णासाहेब सुमारे चार मैल पायी चालत तेथे जात. या सेवेचा भार बायांनी सोसला, हे चरित्रकार बहुधा ओझरते सांगतात. पदरचे सर्व आश्रमाला गेल्यावर घरखर्चाची ओढाताण त्यांच्या वाट्यास आली, आणि आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ती स्पष्टपणे लिहिली आहे. सर्वांना जोडणाऱ्या पुरुषाचे स्वतःच्या घराकडे लक्ष कमी पडले, हे आम्हांसही लिहिले पाहिजे.

पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले, १९२० साली ठाकरसी यांनी पंधरा लक्षांची देणगी दिली, १९५८ साली भारतरत्न पदवी मिळाली. बाया १९५० साली गेल्या. अण्णासाहेब ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास एकशे चार वर्षांचे होऊन निवर्तले. हिंगण्याच्या त्या भागास आता कर्वेनगर म्हणतात, आणि ज्या झोपडीत आश्रमाने दिवस काढले ती संस्थेने आवारात जपून ठेवली आहे. पुण्यास जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी मुलीबाळींसह ती अवश्य पाहावी.